अंगणातल्या गाडीला परीक्षेला बसू द्या

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी एक छोटी जीप बांधली. भंगारातले भाग, स्वतःच्या हातचं वेल्डिंग, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारं इंजिन, डावीकडे स्टिअरिंग आणि खर्च साधारण ६० हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तोंड भरून कौतुक केलं आणि सोबत एक खरी गोष्टही सांगून टाकली. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावरून उतरवणार. म्हणून त्यांनी अदलाबदल सुचवली: जीप द्या, बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये लोहार यांच्याकडे नवी बोलेरो आली आणि घरची जीप महिंद्रांच्या संग्रहात गेली.

गोष्ट गोड आहे, त्यात खोट काढायचं कारण नाही. तरी तिचा शेवट जरा थांबून पाहावा. ज्यानं गाडी बांधली त्याच्याकडून ती गेली आणि बदल्यात कारखान्यातली गाडी आली. घरी गाडी बांधणाऱ्याच्या वाट्याला येऊ शकणारा सगळ्यात चांगला शेवट हाच असेल, तर तो एका उद्योगपतीच्या मोठ्या मनावर उभा आहे. महिंद्रा काही प्रत्येकाच्या दारात येणार नाहीत. लोहार यांच्या गाडीचे ब्रेक कुणी तपासले आणि ती नापास झाली, असं घडलं नाही. तिला परीक्षेला बसायची सोयच नव्हती.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीकरांना हे जरा जास्त खटकायला हवं. बार्शीचं नाव जगभरच्या रेल्वेच्या पुस्तकांत ज्या गाडीनं नेलं, ती 'बार्शी लाइट'सुद्धा एका माणसानं रूढ मापं बाजूला ठेवून आखलेली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर आधी जीआयपी रेल्वेत नोकरीला होता. त्या रेल्वेचा मुख्य मार्ग बार्शीला बगल देऊन गेलेला, त्यामुळे बार्शीच्या पेठेतला माल बैलगाड्यांवर लादून स्टेशनापर्यंत न्यावा लागे. कॅलथ्रॉपनं अडीच फुटी रूळमार्ग धरला आणि स्वतःला एक नियम घालून घेतला: इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. भार सारखा वाटला की हलका रूळ पुरतो आणि हलका रूळ पुरला की सगळा खर्चच खाली येतो. इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीनं बांधली. लीड्सजवळ न्यूले इथं मुद्दाम रूळ टाकून या गाड्यांची चाचणी झाली, जाणकारांना ती दाखवण्यात आली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही गाडी सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली. हाच कॅलथ्रॉप नंतर वैमानिकांसाठी पॅराशूट तयार करण्याच्या मागे लागला. काही माणसांना स्वस्थ बसवतच नाही.

परवानगी मिळायला कॅलथ्रॉपला वर्षं घालवावी लागली, पण शेवटी ती मिळाली. गाडी वेगळ्या मापाची होती म्हणून ती वेगळी तपासली गेली, आणि तपासून चालवली गेली. सव्वाशे वर्षांपूर्वी परक्या सरकारच्या राज्यात जे जमलं ते आज एका फियाटच्या बाबतीत जमू नये, हे पटत नाही.

फियाटचंच नाव घ्यायचं कारण तेही सोलापूरचंच आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. १९५४ पासून तिथं फियाट ११०० निघू लागली, तिच्या गोलमटोल नाकाडामुळे लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' करून टाकलं. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. डॉक्टर, वकील, अडत व्यापारी, बागायतदार यांच्या दोन पिढ्या याच गाडीतून हिंडल्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली तेव्हा पानंच्या पानं छापून आली. तालुक्याच्या गावांत मात्र अशा गाड्या वाड्यांच्या पडवीत, गोठ्यांशेजारी, चिंचेखाली अजूनही उभ्या असतात. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

अशी गाडी पुन्हा उभी करायला माणूस घरी बसतो तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात. पहिली, गाडी होती तशीच करायची: तोच रंग, तेच आरसे, तेच हॉर्नचं कडं. दुसरी, आपल्या मनासारखी करायची: पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, पाठीला त्रास न देणाऱ्या सीटा, पाच गिअर, कधी दुसरंच इंजिन. पहिली वाट अभिजात, दुसरी जास्त उपयोगाची. जुन्या गाडीचे शौकीन दुसरीकडे नाक मुरडतात. ते त्यांना लखलाभ. सहकुटुंब तुळजापूरला जाऊन यायचं असेल तर डिस्क ब्रेक लावलेली फियाट जास्त भरवशाची, हे साधं गणित आहे.

सोलापूर-बार्शीकडच्या जुन्या गाडीला एक फायदा असतो. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेनं पत्रा आतून पोखरलेला असतो; पर्जन्यछायेतल्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, रबर आणि रंग तेवढे उन्हानं जातात. तरीही दारांखालची पट्टी, पायाखालचा पत्रा आणि चाकांच्या कमानी ठोकून पाहाव्याच लागतात. इथंच हौस आणि जाण यांतला फरक कळतो. जीपला खाली शिडीसारखी वेगळी चासी असते, वरचा सांगाडा काढून दुसरा बसवला तरी गाडीचा कणा शाबूत राहतो. गावोगावी जीपच जास्त बदललेल्या दिसतात त्याचं कारण हेच. फियाटला तशी वेगळी चासी नाही. बॉडीचा पत्राच तिचा कणा. त्यामुळे दारांच्या चौकटीत आधी आडवे अँगल मारून घ्यायचे आणि मगच खालचा कुजलेला पत्रा कापायचा. घाई केली की गाडी मधोमध बसते आणि मग रंग कितीही भारी मारा, दारं लागत नाहीत.

इंजिन उतरवणं हे त्यामानानं सोपं काम. सिलिंडर बोअर करून घ्यायचे, रिंग-पिस्टन बदलायचे, क्रँक ग्राइंड करून आणायची. लेथ चालवणारा जाणता कारागीर गाठला की निम्मी लढाई जिंकली. जो भाग मिळतच नाही तो पुण्याच्या जुन्या बाजारात शोधायचा, नाहीतर मुंबईला कुर्ल्याच्या स्पेअरच्या दुकानांत. तिथंही नाही मिळाला तर नमुना देऊन घडवून घ्यायचा. तालुक्याच्या बाजारपेठेत हे घडवणारे हात असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शेतीची अवजारं बांधणाऱ्या वर्कशॉपमध्ये धातू कापायचं, वाकवायचं, जोडायचं जे ज्ञान रोज वापरलं जातं, ते फार मोलाचं आहे. त्याला प्रमाणपत्र नाही, एवढंच.

मध्येच एक नवी अडचण येऊन बसली आहे आणि तिचा उगम घरचाच आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते उसापासूनही तयार होतं आणि सोलापूर जिल्ह्याला साखर कारखान्यांची वानवा नाही. शेतकऱ्याच्या पदरात त्यातून चार पैसे पडत असतील तर उत्तमच. पण इथेनॉल जुन्या जातीचं रबर खातं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. सत्तरच्या दशकातल्या गाडीची पेट्रोलची नळी, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधली वॉशर ही या इंधनासाठी बनलेलीच नाहीत. नळी भेगाळली आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकलं की पुढचं सांगायला नको. म्हणून इथेनॉलला टिकणारी नळी घालणं, टाकी आतून साफ करणं आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीनं उभी न ठेवणं, हे आता जुन्या गाडीच्या घरकामात धरावंच लागतं. म्हणजे मूळ भाग बदलणं ही चैन राहिलेली नाही, सुरक्षिततेचीच अट झाली आहे. कायदा मात्र 'मूळ रूप' याच शब्दावर अडून आहे.

तो कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या कागदावरचा तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळातून आलेल्या एका प्रकरणात हे कलम असंच घट्ट वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं: परवानगीबाहेरचा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. सीएनजी किट, अपंग व्यक्तीसाठी केलेले बदल, त्याच बनावटीचं दुसरं इंजिन अशा काही वाटा उघड्या आहेत. इलेक्ट्रिक किटलाही आता मान्यता मिळते, पण ते किट मान्यताप्राप्त संस्थेकडून मंजूर झालेलं हवं. म्हणजे बदल तपासून मान्य करता येतो, हे सरकारलाही ठाऊक आहे. फक्त तो बदल किट विकणाऱ्या कंपनीनं आणावा लागतो, घरच्या माणसानं नाही.

जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्रानं वेगळे नियम काढले, तेव्हा शौकिनांना वाटलं होतं की आता दार उघडलं. पन्नास वर्षांवरची गाडी, नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, पाच हजारात नूतनीकरण आणि क्रमांकात 'व्हीए' ही खास अक्षरं. चांगला नियम आहे. पण अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको, आणि गाडी रोजच्या वापराला आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची. डिस्क ब्रेक आणि नवं इंजिन घातलेली पद्मिनी या कप्प्यात बसत नाही आणि कलम ५२ च्या कप्प्यातही बसत नाही. शिवाय १ एप्रिल २०२२ ला पंधरा वर्षांवरच्या मोटारीचं नोंदणी नूतनीकरण ६०० रुपयांवरून पाच हजारांवर गेलं, पर्यावरण कर वेगळा. श्रीमंत संग्राहकाला यातलं काहीच जड नाही. अंगणात गाडी खोलून बसलेल्या शिक्षकाला किंवा मेकॅनिकला आहे.

सुरक्षिततेचा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. स्टिअरिंगच्या सांध्याला मारलेलं कच्चं वेल्डिंग भर रस्त्यात सुटलं तर समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव जातो, त्याचा त्यात काय दोष? ४० हॉर्सपॉवरसाठी आखलेल्या बॉडीत दुप्पट ताकदीचं इंजिन घालून ब्रेक तेच ठेवणारे महाभागही आहेत. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर लावून रात्री गल्लीतून फिरणाऱ्यांना पोलिसांनी धरलं तर कुणाला वाईट वाटायला नको. पण हाच कायदा ज्या रस्त्यांवर लागू आहे तिथं गाळप हंगामात मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा दोन-दोन ट्रॉल्या ऊस भरून रात्रभर चालतात. धोका मोजायचा असेल तर तो धोक्याच्या ठिकाणी मोजावा. आणि बंदीनं धोका कमी होतो असंही नाही. घरी केलेले बदल थांबत नाहीत, लपतात. आणि लपलेल्या वेल्डिंगवर कुणाची नजर पडत नाही.

इतर देशांनी यावर तोडगे काढले आहेत. ब्रिटनमध्ये घरी गाडी बांधायचा छंद जुना आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमननं लोटस सेव्हन सुटे भाग करून विकायला काढली, कारण अख्ख्या गाडीवर लागणारा कर सुट्या भागांवर लागत नव्हता, आणि हजारो लोकांनी ती आपापल्या शेडमध्ये जोडली. तिथं आज अशा एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते: ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सीटबेल्टचे बोल्ट, अणकुचीदार कडा, सगळं एक निरीक्षक पाहतो आणि नापास झाली तर काय दुरुस्त करायचं ते लिहून देतो. जुन्या गाडीत किती बदल केल्यावर ती 'तीच' गाडी राहत नाही, यासाठी तिथं अनेक वर्षं गुणांची पद्धत चालली: चासीचे पाच, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगचे प्रत्येकी दोन, इंजिनाचा एक, एकूण आठ गुण जुन्या गाडीचे उरले तर जुना क्रमांक कायम. जर्मनीतही अभियंत्याकडून एका गाडीपुरती मंजुरी घेता येते. म्हणून त्या देशांतले रस्ते काही भंगारानं भरले नाहीत.

आपल्याकडे ही सोय नसल्याची किंमत एकट्या लोहार यांनी मोजलेली नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्येच 'मीरा' या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला होता. ते जेमतेम शाळा शिकलेले. पुढे पंचवीसेक वर्षं ते नमुन्यामागून नमुना सुधारत राहिले, सामान्य कुटुंबाला १२ हजार रुपयांत परवडेल अशी गाडी द्यायचा त्यांचा बेत होता. परवान्यांच्या त्या काळात मीरा कारखान्यापर्यंत पोचलीच नाही. तेव्हा प्रश्न उत्पादनाचा होता, आज तो केवळ एका गाडीचा आहे. म्हणजे मागणी कितीतरी लहान आहे.

ती पुरी करायला लागणारी साधनं महाराष्ट्रातच आहेत. वाहनांचे नमुने तपासणाऱ्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एआरएआय पुण्यात आहे आणि व्हीआरडीई अहिल्यानगरजवळ. बार्शीहून पहाटे निघालं तर दोन्ही ठिकाणी दुपारच्या आत पोचता येतं. आज तिथं जायचा रस्ता उत्पादकांसाठी आहे. तिथली चाचणी आणि तिचा खर्च हजारो गाड्या विकणाऱ्याला पेलेल असाच असतो. एकट्या गाडीसाठी वेगळी, छोटी, परवडणारी तपासणी आखणं हे काही चंद्रावर जाण्याइतकं अवघड नाही. तिचा कच्चा आराखडा तर आपली कॉलेजची मुलं दरवर्षी वापरतातच. इंदूरजवळ पिथमपूरला २००७ पासून सुरू झालेल्या बाहा एसएई स्पर्धेत महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन उतरतात. तिथं आधी सांगाड्याच्या नळ्यांची जाडी मोजतात, मग गाडी पळवून ब्रेक मारायला लावतात. चारही चाकं एकदम जाम झाली नाहीत तर पुढच्या फेऱ्या बंद. एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या वेल्डिंगवर जो देश अशी रीतसर तपासणी लावू शकतो, तो देवराष्ट्रेच्या कारागिराच्या वेल्डिंगवरही लावू शकतो.

अटी कडक असू द्यात. एका माणसाला एक गाडी, धंद्याला वापर नाही, ठरावीक वर्षं विक्री नाही, वेगाची मर्यादा, विमा सक्तीचा, प्रत्येक मोठ्या सांध्याचे काम चालू असतानाचे फोटो आणि दर दोन वर्षांनी फेरतपासणी. शुल्क घ्या, नापास करा, तीनदा परत पाठवा. केंद्रानं नियम करायचा आणि राज्याच्या परिवहन विभागानं तो मागायचा, असं हे काम आहे. जिथं वालचंद हिराचंद जन्मले आणि बार्शी लाइट धावली त्या जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी पुढे नेली तर ती शोभून दिसेल.

तोवर ज्यांच्या पडवीत जुनी फियाट किंवा जीप उभी आहे त्यांनी काही कामं आजच करावीत. आरसी बुक शोधून ठेवावं, नोंदणीची मुदत उलटली असेल तर सोलापूरच्या आरटीओ कार्यालयात जाऊन नूतनीकरणाचं विचारावं, रंग बदलणार असाल तर तो आधी कागदावर बदलून घ्यावा. ब्रेकचं काम इंजिनाच्या आधी करावं. आणि पत्र्याचं काम कुणालाही द्या, पण चासी क्रमांक व इंजिन क्रमांक ज्या जागी कोरलेले आहेत तिथं ग्राइंडर लावू देऊ नका. तो क्रमांक गेला की कागदाच्या दृष्टीनं गाडीच गेली.